हिरवं बोट, जांभळं बोट

निवडणुकीची नवी शाई आख्ख्या बोरदऱ्यात सगळ्यात आधी माझ्या बोटाला लागली. आणि मला मतदानाचा हक्क मिळायला अजून तीन वर्षं आहेत!

त्याचं झालं असं. माझी आई बोरदरा नगरपंचायतीत कर विभागात काम करते. पण निवडणूक लागली की तिथे कर विभाग, पाणी विभाग असं काही उरतच नाही. पाणीपुरवठ्याचे काका मतदान केंद्रांवरचे चाकाच्या खुर्चीसाठीचे उतार मोजत फिरतात, बांधकामवाले खुर्च्या गोळा करतात, आणि बागेचे माळीकाका मंडपवाल्याशी भांडतात. आई मतदान अधिकाऱ्यांना शिकवते. कुणी कुठे बसायचं, नाव कसं शोधायचं, शाई कशी लावायची. मतदान यंत्रं आता सौरऊर्जेवर चालतात, नाव पुकारायला बोलका पडदा असतो, पण साहित्याच्या पेटीत सुतळी, लाख आणि मेणबत्ती मात्र अजूनही असतेच. आई म्हणते, लोकशाही सुतळीने बांधलेली आहे.

यंदाचं प्रशिक्षण आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये होतं. मुख्याधिकारी तडवी मॅडमनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "कर्मचाऱ्यांनी कर्मचाऱ्यांसमोर सराव केला की कुणीच चुकत नाही. मला खरी गर्दी हवी. गोंधळ घालणारी."

गोंधळ म्हटल्यावर दहावीच्या दोन्ही तुकड्या आल्याच! आयुष्यात पहिल्यांदा आम्हाला गोंधळाची सरकारी परवानगी मिळाली होती. उमेदवार होते वांगं, कारलं आणि गिलकं. देवांग कारल्याचा प्रतिनिधी झाला आणि "कडू पण कर्तबगार!" असं ओरडत सुटला. झैनबने स्वतःचं म्हणून दुसऱ्याच मुलीचं नाव सांगून बघितलं आणि पकडली गेली. मी वांग्याला मत दिलं, डाव्या हाताची तर्जनी शाईच्या गादीवर दाबली आणि बाहेर आले.

इथे शाईबद्दल सांगायला हवं. जुनी शाई नखावर लावत. नख वाढून जाईपर्यंत ती जात नसे. पण हल्ली निवडणुका इतक्या लागोपाठ येतात की एकीची खूण पुसली जायच्या आत दुसरी दारात उभी! मग कोणती खूण कशाची? म्हणून ही नवी शाई आली. ती नखावर लावायचीच नाही, बोटाच्या टोकावर दाबायची. कातडीचा वरचा थर गळून पडतो तशी काही दिवसांत ती आपोआप जाते, पण तोवर साबण, लिंबू, रॉकेल, कशालाच दाद देत नाही. आम्ही सगळं करून पाहिलं.

बाहेर मैदानावर आम्ही एकमेकांची बोटं बघत होतो. माझं छान जांभळं झालं होतं. झैनबचं जांभळं. देवांगचं हिरवं.

"ए, तुला दुसरी शाई लावली काय रे?"

"कारल्याची शाई," देवांग म्हणाला. "पक्षाच्या रंगाची."

सगळे हसले आणि विषय संपला. म्हणजे त्यांचा संपला. माझा सुरू झाला. कारण देवांग एकटा नव्हता. मी रांगेने सगळ्यांची बोटं बघत सुटले. आमच्या अ तुकडीतली जवळजवळ सगळी बोटं जांभळी होती, आणि ब तुकडीतली निम्म्याहून जास्त हिरवी! एकच हॉल, एकच गादी, एकच शाई. मग?

आधी वाटलं, ब तुकडीने डबा खाल्ला असेल. नव्हता खाल्ला. मग वाटलं, मागच्या नळावर हात धुतले असतील. नव्हते धुतले. मग झैनब म्हणाली, "ब तुकडीचं आज काय वेगळं आहे सांगू? इथून त्यांना थेट पिंगळे बाईंच्या तोंडी परीक्षेला जायचंय."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. पिंगळे बाई म्हणजे... जाऊ दे, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

"पण देवांग तर अ तुकडीत आहे," मी म्हटलं. "त्याला कुठली परीक्षा?"

झैनब तोवर पुढचं बोट बघायला गेली होती. मग मी ते सोडून दिलं. खरं तर त्याच प्रश्नावर थांबायला हवं होतं.

सरावातली शाईची गादी टाकूनच द्यायची होती. मी आईला विचारून ती शाळेच्या प्रयोगशाळेसाठी मागून घेतली. खैरनार सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली खुणा पाहिल्या, चष्मा वर ढकलला आणि फळ्यावर एक बारका ठिपका काढला.

"शाईत चांदी आहे, हे तर तुला माहीत आहे. चांदीचा गोळा पांढरा दिसतो. पण तिचा इतका बारीक कण केला की डोळ्यालाच काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाही, तर त्याचा रंग त्याच्या आकारावर ठरतो. चांदी तीच. कण लहान राहिला की एक रंग, फुगला की दुसरा. या शाईत चांदीची बीजं पेरलेली आहेत. कातडीवर आली की ती वाढतात. किती वाढणार ते कशावर ठरतं?"

"पाण्यावर?"

"मिठावर. मीठ आणि चांदीची फार जुनी दोस्ती आहे. बोट कोरडं असेल तर बीज लहान राहतं, जांभळं दिसतं. बोटावर खारट ओल असेल तर बीज फुगतं, हिरवं."

"म्हणजे घाम!"

"घाम. पण कोणता?" सरांना असे प्रश्न फार आवडतात. "उन्हात पळालीस तर कपाळ आणि पाठ भिजते. तो शरीर गार करणारा घाम. बोटांची टोकं मात्र भिजतात ती मनाच्या घामाने. फांदीवरून उडी मारायच्या आधी पकड घसरू नये म्हणून माकडांपासून चालत आलेली सोय आहे ती. आपण फांद्या सोडल्या, सोय राहिली."

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतकी मी खूश होते. मग मी चाचण्या घेतल्या. झैनबला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या, घामाने निथळली, बोट जांभळंच. आतेभावाला गुदगुल्या केल्या, जांभळंच. मग त्याला सांगितलं की मुख्याध्यापकांनी तुझ्या पप्पांना बोलावलंय. हिरवंगार!

त्याचा व्हिडिओ झैनबने काढून गावभर पाठवला आणि मी त्यात दणकून बोलले. "या शाईला भीती कळते! मतदाराला कुणी धमकावून आणलं असेल तर त्याचं बोट हिरवं होईल. ज्या केंद्रात हिरवी बोटं जास्त, तिथे काहीतरी गडबड आहे!" मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात उत्तर द्यायलाही उभी राहत नसे. आणि आता आख्खं गाव माझा आवाज ऐकत होतं. दुसऱ्या दिवशी रसवंतीवर, सलूनमध्ये, दूध डेअरीवर एकच विषय. लोकांनी नावही ठेवलं, भित्री शाई. स्थानिक वाहिनीवाले माझी मुलाखत घेऊन गेले. खैरनार सर तेवढे म्हणाले, "यामिनी, भीती हा शब्द तू घातलास. मी मीठ म्हटलं होतं." मला वाटलं, सर उगीच शब्दाचा कीस काढतायत.

आमच्या शेजारी रंजनामावशी राहतात. आईला यायला उशीर झाला की मी त्यांच्याकडेच जेवते. त्या नानाशेठच्या जिनिंगमध्ये कापूस निवडायला जातात. कापसाच्या उडत्या तंतूंनी त्यांना खोकला लागलाय, आणि गावचा दवाखाना त्यांची पाळी सुटायच्या आधीच बंद होतो. यंदा आमच्या वॉर्डातून सुनंदा कोळी उभ्या होत्या. पूर्वी त्याही जिनिंगमध्येच होत्या, मावशींच्या शेजारी बसून कापूस निवडायच्या. त्यांचं एकच म्हणणं, दवाखाना संध्याकाळीही उघडा पाहिजे. त्यांच्या विरोधात नानाशेठची सून. वॉर्ड महिलांसाठी राखीव, म्हणून फलकावर सून होती. पण तिचा फोटो पासपोर्टएवढा आणि नानाशेठचा दरवाज्याएवढा.

मावशी एरवी मला बघितलं की "आली का शास्त्रज्ञीण?" म्हणतात. त्या दिवशी म्हणाल्या नाहीत. ताटात भाकरी वाढली आणि समोर बसून राहिल्या.

"काय झालं मावशी?"

"काही नाही. नानाशेठने आज सगळ्यांना बोलावलं होतं. म्हणाले, मतदान झालं की सगळ्यांनी गेटवर या, पेढे वाटणार आहे."

"मग बरंच की!"

"पेढा डाव्या हातात घ्यायचा म्हणाले."

माझा घास हातातच राहिला. आपल्याकडे डाव्या हातात पेढा? प्रसाद तर सोडाच, कुणी शेंगदाणेसुद्धा डाव्या हातात देत नाही!

"शाई डाव्या बोटाला असते," मावशी म्हणाल्या.

"अहो, पण मग चांगलंच आहे ना! त्यांनी तुम्हाला दमदाटी केली म्हणून सगळ्यांची बोटं हिरवी येतील. तेच पकडले जातील!"

मावशींनी माझं ताट बाजूला सारलं. मग पदराला हात पुसून म्हणाल्या, "तुझी ती गादी आहे का दप्तरात? लाव मला."

"कशाला?"

"लाव तर. डोळे मिटते मी. आधी सुनेचं बटण दाबते मनात."

मी उजव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लावली. मावशींचे खांदे सैल होते. बोट हळूहळू जांभळं झालं.

"आता सुनंदाचं."

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. ओठ घट्ट झाले. समोर काहीच नव्हतं, ना यंत्र, ना नानाशेठ. फक्त चूल, मी आणि भाकरीचा वास. तरी मी पुढचं बोट धरलं तेव्हा ते ओलं लागलं. खूण उमटली ती हिरवी.

"बघितलंस?" मावशी म्हणाल्या. "शेठचं ऐकलं तर मला कसली भीती? वीस वर्षं ऐकतेच आहे. आधी नवऱ्याचं, मग शेठचं. हात आपोआप जातो. घाम फुटतो तो मनाचं करायला निघाले की. शेठला ते माझ्या आधी कळलं. म्हणतात, माझ्या माणसांना भ्यायचं काय कारण, माझ्या माणसांची बोटं जांभळीच येणार."

"मग गेटवर जाऊच नका!"

"न आलेल्यांची नावं कळत नाहीत होय? आणि पाळीवरून काढलं तर तू देणार का काम, शास्त्रज्ञीणबाई?" एवढं बोलून त्या हसल्या, आणि ते हसणं मला अजिबात आवडलं नाही. "जाऊ दे गं. या वेळी म्हटलं होतं, एकदा तरी आपल्या मनाने द्यावं. पुढच्या वेळी बघू. भाकरी गार होतेय."

भीतीचा घाम आणि धीराचा घाम एकच असतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही मीठच. आणि देवांग? मी दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं, तर त्याने दोन्ही तळवे पुढे केले. बारा महिने ओले! जन्मापासूनच. तो पोरगा झोपेत मतदान करेल तरी हिरवा. त्याच्या बोटाने मला पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं, आणि मी वाहिनीवाल्यांना मुलाखत देत बसले होते.

आईला सांगितलं तेव्हा ती साहित्याच्या पेट्या तपासत होती. तिने ऐकून घेतलं आणि हातातली लाखेची कांडी खाली ठेवली.

"शोध लागला की लगेच गावभर करायचाच असतो का गं?"

"मला काय माहीत, शेठ असा वापर करतील!"

"तुला नव्हतं माहीत. मला तरी सुचायला हवं होतं." ती उठली. "चल, मॅडमकडे जाऊ."

तडवी मॅडमच्या टेबलावर नकाशे, फोन, चहाचे अर्धे कप असा सगळा पसारा होता. त्यांनी माझं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. मग कपाळ दाबून धरलं.

"मत गुप्त राहिलं नाही तर या सगळ्या पसाऱ्याचा उपयोग काय? पण यामिनी, शाई वरून येते. राज्यभर तीच आहे. ती बदलणं माझ्या हातात नाही. मी आजच वर कळवते, पण उत्तर येईपर्यंत मतदान होऊन जाईल."

"शेठविरुद्ध तक्रार करता येणार नाही?"

"कशाची? पेढे वाटतो म्हणून? आणि तक्रारीवर सही कोण करेल, तुझ्या मावशी?"

मॅडमनी माझ्याकडे पेन रोखलं. "रंग दिसतो हे तू शोधलंस. आता रंग दिसणार नाही हे शोध. शाई तीच राहणार, खूण टिकायला हवी आणि मला कुठलीही नवी खरेदी करता येणार नाही. जा."

मी उड्या मारतच प्रयोगशाळेत गेले. झैनब आणि देवांग आलेच. देवांग म्हणाला, "मला घाबरवायची गरज नाही, मी कायम तयार असतो."

आधी आम्ही हिरवं होऊच नये म्हणून झटलो. बोट कोरड्या फडक्याने खसखसून पुसलं, शाई लावली. देवांग हिरवाच. पावडर लावून पाहिली. शाई पावडरीवरच बसली आणि फुंकर मारली तर उडून गेली. पंख्यासमोर धरलं. पण मनाचा घाम पंख्याचं ऐकत नाही. पुसला की पुन्हा येतो.

"हा सुकणार नाही," झैनब वैतागून म्हणाली. "याला वाळत घातला तरी सुकणार नाही."

"माझं जांभळं होत नाही तर तुम्ही हिरव्या व्हा ना," देवांग म्हणाला. तो चेष्टा करत होता. पण आम्ही दोघी एकदम त्याच्याकडे वळलो.

भित्र्याला धीट दाखवता येत नाही. पण सगळ्यांनाच घाम फोडता येतो! बाहेरून!

मी मिठाचं पाणी केलं, त्यात फडकं बुडवलं, बोट पुसलं, गादीवर दाबलं. आणि काय झालं सांगू? दह्यासारखा पांढरा साका आला आणि खूण सरळ निघून आली. मीठ फार झालं होतं. बीजं बोटावर रुजायच्या आधीच गुठळी झाली. खूण निघाली तर कुणीही दोनदा मतदान करेल, म्हणजे आगीतून फुफाट्यात. मग पाणी वाढवलं. कमी झालं, जांभळं. पुन्हा मीठ. पुन्हा दही. दर केंद्रावरच्या काकांना हे मोजून मापून कसं जमणार?

खैरनार सर दारात उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "शरीराला चालेल इतकं खारट पाणी कुठे तयार मिळतं, बघा आठवून."

"जलसंजीवनी!" झैनब ओरडली. तिची आई नर्स आहे. "जुलाब झाल्यावर पाजतात ते! एक पुडी, एक लिटर पाणी, माप ठरलेलं!"

आम्ही दवाखान्यातून पुडी आणली. माझं बोट हिरवं. झैनबचं हिरवं. सर निवांत उभे होते, त्यांचंही हिरवं. देवांगचं तर विचारूच नका. साबणाने घासलं, खूण हलली नाही. साखरेमुळे बोटं जराशी चिकट झाली, एवढंच.

आम्ही ते मॅडमना दाखवलं. त्यांनी साहित्याची यादी उघडली, मग नियमांचं पुस्तक, आणि आईकडे बघून म्हणाल्या, "प्रत्येक केंद्राच्या प्रथमोपचार पेटीत जलसंजीवनी आहेच. आणि नियम म्हणतो, शाई लावण्यापूर्वी मतदाराचे बोट ओल्या फडक्याने पुसावे. ओलं कशाने, ते लिहिलेलं नाही." मग त्यांनी फोन उचलला. "पण मी हे लपूनछपून करणार नाही. जिल्ह्यातून परवानगी घेते, तोंडी नाही, लेखी. आणि उमेदवारांसमोर करून दाखवायचं."

उमेदवारांच्या बैठकीला मी प्रात्यक्षिकासाठी गेले होते. नानाशेठ पहिल्या रांगेत होते, पांढराशुभ्र सदरा, शेजारी सून. सुनंदाताई मागच्या रांगेत कोपऱ्यावर.

"आधी उजव्या हाताचं एक बोट फडक्याने न पुसता बघू," मी म्हटलं. "कोण येतंय? नानाशेठ, तुम्ही येता?"

"मला कशाला पोरी?" ते हसत म्हणाले. "म्हाताऱ्याचं बोट ते. तरुणांचं घे." आणि हात खिशात गेला.

"माझं घ्या," मागून आवाज आला. सुनंदाताई पुढे आल्या, हात टेबलावर ठेवला. खूण उमटली. हिरवीगार. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

सुनंदाताईंनी बोट वर धरलं, सगळ्यांना दिसेल असं. "हिरवंच येणार होतं. वीस वर्षं ज्यांच्याकडे काम केलं त्यांच्यासमोर असं बसायला मला भीती वाटते. रोजच वाटते. बसते तरी."

मी पटकन फडकं बुडवलं आणि ज्याचा हात पुढे आला त्याचं बोट पुसत गेले. हिरवं, हिरवं, हिरवं. शेवटी नानाशेठची सूनही उठून आली. सासऱ्याकडे न बघता तिने हात पुढे केला. तिचंही हिरवं.

"मॅडम, ही कसली थेरं?" नानाशेठ उभे राहिले. "शाईत मीठपाणी? उद्या म्हणाल तिखट टाका!"

मॅडमनी नियम वाचून दाखवला, जिल्ह्याचं पत्र वाचून दाखवलं. "खूण टिकते, शेठ. तुम्ही स्वतः घासून बघा. हरकत काय आहे तुमची?"

"हरकत म्हणजे... अहो, सगळ्यांचीच बोटं हिरवी झाली तर कळणार कसं?"

"काय कळणार कसं?" मॅडमनी विचारलं. अगदी साधेपणाने, पेन हातात घेऊन, जणू त्यांना खरंच माहिती हवी होती.

नानाशेठ खाली बसले.

मतदानाच्या दिवशी बोरदरा हिरवं झालं. सलूनवाला हिरवा, पिंगळे बाई हिरव्या, नवरीमुलगी हिरवी, काठी टेकत आलेले आजोबा हिरवे. वाहिनीचा माणूस मला गाठून म्हणाला, "काय मॅडम, आख्खं गाव भित्रं निघालं वाटतं? तुमचा शोध फुसका झाला!" मी म्हटलं, "हो, झाला," आणि पुढे गेले. जरासं टोचलं. नाही कशाला म्हणू?

जिनिंगच्या गेटवर बायकांची रांग होती. लांबून बघितलं, तर त्या खिदळत होत्या. डावे हात नाचवत पेढे घेत होत्या. एक म्हातारी मुकादमाला म्हणत होती, "दुसऱ्या हातावर पण ठेव की रे, तो काय सावत्र आहे?" मुकादम बिचारा एकेक हिरवं बोट बघत होता आणि पेढा ठेवत होता. करणार काय?

संध्याकाळी मी मावशींकडे धावत गेले. त्या चुलीपुढे बसल्या होत्या, फोडणी देत होत्या, आणि मला बघताच ओरडल्या, "आली का शास्त्रज्ञीण?"

मी दारातच विचारलं, "मावशी, दिलं? कुणाला दिलं?"

त्यांनी झारा हलवला. "आमच्या ह्यांनी विचारलं दुपारी. म्हटलं, सांगणार नाही. बघतच राहिले. मुकादमाने पेढा देताना हळूच विचारलं, त्याला म्हटलं, आठवत नाही बुवा."

"हो, पण मला?"

"तुला का सांगू?"

"मावशी! सगळं मी केलं!"

"केलंस की. गुणाची आहेस. ताट घे."

मी ताट घेतलं. पण मला चैन पडेना. एखादी गोष्ट आहे आणि ती मला कळत नाही, हे मला सहनच होत नाही. मग मी अगदी सहज, पाण्याचा पेला भरता भरता विचारलं, "बरं, ते राहू दे. बटण दाबताना हाताला घाम आला होता का हो?"

मावशींनी वळून पाहिलं. आधी त्यांचे डोळे बारीक झाले, मग त्या अशा काही हसल्या की खोकल्याची उबळ आली, आणि उबळीतही हसतच राहिल्या.

"लबाड कार्टे," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "तेही नाही सांगायचं."